बीटा चाचणीत हजारो लोक घेताना: किती, कोण, कोणत्या टप्प्याने, आणि त्यांचं ऐकायचं कसं

२ ऑक्टोबर २०१८ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चं १८०९ हे अपडेट सर्वांसाठी खुलं केलं आणि काही दिवसांतच थांबवलं. अपडेट घेतल्यावर काही जणांच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरांतल्या फाइली नाहीशा झाल्या होत्या. हे ज्यांच्या बाबतीत घडलं त्यांनी हे फोल्डर सी ड्राइव्हवरून दुसरीकडे वळवले होते, पण जुन्या जागच्या फाइली तिथेच राहू दिल्या होत्या. आधीच्या अपडेटनंतर ‘एकाच नावाचा रिकामा फोल्डर उगाच दिसतो’ अशी तक्रार होती, म्हणून १८०९ मध्ये तो काढून टाकणारा कोड घातला गेला. त्या कोडने भरलेले जुने फोल्डरही काढले.

मायक्रोसॉफ्टच्या म्हणण्यानुसार अशा तक्रारी एकूण अपडेटांच्या ०.०१ टक्के, म्हणजे दहा हजारांत एक होत्या. आणि त्याआधी २०१४ पासून विंडोजची चाचणी घेणारा इनसायडर कार्यक्रम चालू होता, त्यात लाखो लोक होते. मग त्यांच्यापैकी कुणालाच हा दोष दिसला नाही? दिसला होता. काहींनी फीडबॅक हबवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या तक्रारी नोंदवायच्या ॲपवर, लिहिलंही होतं. पण तिथे तक्रारी मतांवरून वर-खाली होत, आणि दहा हजारांत एकाला होणाऱ्या त्रासाला मतं कुठून मिळणार? चार-दोन मतांच्या त्या नोंदी तळाशी राहिल्या. अपडेट दुरुस्त होऊन १३ नोव्हेंबरला पुन्हा आलं, आणि फीडबॅक हबमध्ये ‘हा दोष किती गंभीर आहे’ हे सांगायची सोय नव्याने आली.

बीटा म्हणजे सॉफ्टवेअर सर्वांना देण्याआधी काही खऱ्या वापरकर्त्यांना वापरायला देऊन तपासणं. मोठ्या बीटाचं मर्म या प्रकरणात आहे. माणसांची संख्या दोष समोर आणते. समोर आलेला दोष ओळखणं हे वेगळं काम आहे, त्याला वेगळी माणसं आणि वेगळी शिस्त लागते. बहुतेक ठिकाणी पहिल्यावर सगळी मेहनत होते आणि दुसऱ्याची व्यवस्था आयत्या वेळी आठवते.

किती माणसं पुरेत

याला एक साधं गणित आहे. एखादा दोष दर हजार वापरकर्त्यांपैकी एकाला भोवत असेल आणि बीटात ३०० जण असतील, तर तो दोष निदान एकदा दिसण्याची शक्यता २६ टक्के. हजार जण असतील तर ६३ टक्के. ९५ टक्के खात्री हवी तर सुमारे ३,००० जण लागतात. लक्षात ठेवायचं ते एवढंच: दोष जितक्यांत एक, त्याच्या तिप्पट माणसं. उलट बाजूनेही हेच वापरता येतं. ६०० जणांनी वापरलं आणि एकही तक्रार आली नाही, तर ‘दोष नाही’ असं म्हणता येत नाही. ‘असलाच तर बहुधा २०० त एकापेक्षा कमी’ एवढंच म्हणता येतं.

इथली ‘माणसं’ म्हणजे नोंदणी केलेली माणसं नव्हेत. नावं देणारे पुष्कळ असतात, पण त्यातले बरेच ॲप एकदा उघडून विसरतात. मोजायचे ते याच आठवड्यात, याच बिल्डवर (म्हणजे ॲपच्या याच तयार आवृत्तीवर), तपासायच्या त्याच स्क्रीनपर्यंत पोचलेले लोक. पाच हजार नोंदणी आणि ‘नॉमिनी बदला’ या स्क्रीनवर ४० जण पोचले, तर त्या स्क्रीनपुरता तुमचा बीटा ४० जणांचाच आहे.

‘पाच माणसं पुरतात’ असंही ऐकलेलं असेल. तेही खरं आहे, पण तो प्रश्न निराळा. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी दाखवलं, की एक माणूस वापरताना शेजारी बसून पाहिलं तर सरासरी ३१ टक्के अडचणी दिसतात, आणि पाच जणांत सुमारे ८५ टक्के. बटण सापडत नाही, शब्द कळत नाही, या अडचणी जवळपास सगळ्यांना येतात, म्हणून थोडक्यांत उमगतात. त्यासाठी हजारो लोकांना कामाला लावणं म्हणजे त्यांचा वेळ वाया घालवणं. आधी पाच जणांजवळ बसा, ठळक अडचणी काढा, मग संख्या वाढवा. मोठी संख्या हवी असते ती क्वचित घडणाऱ्या गोष्टींसाठी: विशिष्ट फोन, विशिष्ट नेटवर्क, विशिष्ट क्रमाने दाबलेली बटणं.

कोण, हे ‘किती’पेक्षा अवघड

समजा, एका सहकारी पतसंस्थेचं ॲप आहे. खातेदार शिल्लक पाहतात, कर्जाचा हप्ता भरतात, आणि पिग्मी एजंट बाजारात दुकानोदुकानी फिरून रोजची बचत जमा करून जागीच पावती देतात. बीटासाठी आवाहन केलं की आधी हात वर करतात ते हौशी लोक. त्यांच्याकडे नवे फोन असतात, घरी वायफाय असतं, आणि एखादी गोष्ट अडली तर ते स्वतःच वाट काढतात. तीन हजार असे लोक जमले तरी चाचणी एकाच प्रकारच्या माणसाची होते. म्हणून आवाहनाबरोबर निवडही करावी लागते. २ किंवा ३ जीबी रॅमचे फोन, स्टोरेज जवळजवळ भरलेले फोन, दोन सिमवाले, अक्षरं मोठी करून वाचणारे, स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी सोय) वापरणारे, आणि दिवसभर ॲप हाताळणारे एजंट. यातल्या प्रत्येक गटात किती जण हवेत हे आधी लिहून ठेवायचं आणि जो गट भरत नाही तिथे माणसं शोधत जायचं, शाखेतल्या कर्मचाऱ्यांना सांगून, प्रसंगी फोन करून.

या गटांतून येणारे दोष ऑफिसात बसून सुचत नाहीत. दोन सिमच्या फोनमध्ये खात्याला जोडलेला नंबर दुसऱ्या सिमवर असतो आणि पडताळणीचा एसएमएस पहिल्यावरून जातो. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप्स बंद करतात, मग हप्त्याची आठवण देणारी सूचना येतच नाही आणि सर्व्हरवर मात्र ‘पाठवली’ अशी नोंद असते.

मराठीचे दोष तर मराठी लिहिणाऱ्यालाच सापडतात. ‘ऱ’ युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरं संगणकात साठवण्याच्या पद्धतीत, दोन प्रकारे साठवता येतो, एकसंध अक्षर म्हणून किंवा ‘र’ आणि नुक्ता (खालचं टिंब) असा जोडून. दिसायला दोन्ही सारखे. एका कीबोर्डवर टाइप केलेलं ‘गोऱ्हे’ दुसऱ्या प्रकारे साठवलेल्या ‘गोऱ्हे’शी जुळत नाही आणि खातेदार ‘सापडत नाही’. उपाय सोपा आहे, साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे एकच प्रमाण रूप करून घ्यायचं. पण हा दोष आहे हे कुणीतरी सांगावं लागतं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटीसकट, युनिकोडच्या यूटीएफ-८ या रूपात तीन बाइट जागा घेतं. नावाची मर्यादा ५० बाइट ठेवली असेल तर जेमतेम १६ चिन्हं मावतात, नाव-वडिलांचं नाव-आडनाव मध्येच तुटतं. एसएमएस इंग्रजीत १६० अक्षरांचा, देवनागरीत ७० चा. मराठी ओटीपी संदेश त्याहून लांब झाला की दोन तुकड्यांत जातो, खर्च दुप्पट होतो, आणि आकडा दुसऱ्या तुकड्यात गेला तर उशिरा पोचतो.

संख्या टप्प्याने वाढवा

पहिल्याच दिवशी दहा हजार लोकांना बिल्ड दिलं, तर त्यातला पहिला ढोबळ दोष दहा हजारांना दिसतो आणि एकाच गोष्टीच्या शेकडो तक्रारी येतात. शिवाय प्रत्येक माणूस ‘पहिल्यांदा पाहणारा’ एकदाच असतो. म्हणून आधी ऑफिसातले २०-३०, मग ओळखीचे १००, मग ५००, मग ३,०००, अशी चढण ठेवावी. पुढची पायरी तारीख आली म्हणून चढायची नाही. मागच्या पायरीवरचे गंभीर दोष मिटले आणि नवे येणं थांबलं, म्हणून चढायची.

ॲप जिथून मिळतात त्या गूगल आणि ॲपलच्या दुकानांनीही अशाच पायऱ्या बांधलेल्या आहेत. गूगल प्लेवर अंतर्गत चाचणीला १०० जणांची मर्यादा, त्यानंतर बंद (फक्त निवडलेल्यांची) चाचणी आणि मग खुली चाचणी. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक डेव्हलपर खात्यांना तर ॲप प्रसिद्ध करण्याआधी किमान १२ जणांची सलग १४ दिवस बंद चाचणी सक्तीची आहे. सुरुवातीला हा आकडा २० होता. चाचणीतले लोक जो अभिप्राय देतात तो खासगी राहतो, ॲपच्या जाहीर रेटिंगला धक्का लागत नाही. ॲपलच्या टेस्टफ्लाइट या चाचणीच्या सोयीवर १०० अंतर्गत आणि १०,००० बाहेरचे लोक घेता येतात, प्रत्येक बिल्ड ९० दिवसांनी आपोआप बंद पडतं, आणि बाहेरच्यांना पहिलं बिल्ड देण्याआधी ॲपलची तपासणी होते. हे दिवस वेळापत्रकात धरावे लागतात.

मोठमोठ्या व्यवस्था याच वाटेने आल्या. यूपीआयची सुरुवात ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते २१ बँकांच्या प्रायोगिक टप्प्याने झाली. बँकांची ॲप्स प्ले स्टोअरवर येऊ लागली ती २५ ऑगस्टपासून. रिझर्व्ह बँकेचा किरकोळ व्यवहारांसाठीचा डिजिटल रुपया १ डिसेंबर २०२२ रोजी मुंबई, नवी दिल्ली, बंगळुरू आणि भुवनेश्वर या चार शहरांत, चार बँकांच्या निवडक ग्राहक आणि दुकानदारांपुरता सुरू झाला. दुकानदार त्यात पहिल्यापासून होते हे महत्त्वाचं, कारण देणारा आणि घेणारा दोघंही बीटात नसतील तर व्यवहाराचीच चाचणी होत नाही. पतसंस्थेच्या ॲपमध्येही तसंच: एखादा एजंट घेतला तर त्याच्याकडचे खातेदारही घ्या.

बीटा संपला तरी पायऱ्या संपत नाहीत. ॲपलच्या ॲप स्टोअरवर टप्प्याटप्प्याने अपडेट देण्याची सोय सात दिवसांची आहे: १, २, ५, १०, २०, ५० आणि शेवटी १०० टक्के. मध्ये एकूण ३० दिवसांपर्यंत थांबवता येतं. हे टक्के फक्त आपोआप अपडेट घेणाऱ्यांना लागू असतात. स्वतः जाऊन ‘अपडेट’ दाबणाऱ्याला पहिल्या दिवशीही ते मिळतं. प्लेवर टक्के तुम्हीच ठरवता. दोन लाख वापरकर्त्यांच्या ॲपचा १ टक्का म्हणजे २,००० माणसं, म्हणजे मघाच्या गणिताने साधारण ६७० त एक असणारा दोष तिथेच दिसायला हवा.

फक्त ॲपचं नवं बिल्डच नव्हे, सर्व्हरवरून जाणारी प्रत्येक सेटिंग, प्रत्येक नियमांची फाइल याच वाटेने जायला हवी. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले, विमानतळ आणि रुग्णालयं अडकली. मूळ सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या टप्प्याने देण्याची सोय त्यांच्याकडे होती. जी फाइल बाधली ती मात्र ‘मजकूर’ समजून एकाच वेळी सगळीकडे गेली होती.

तक्रारी: इथेच घोडं पेंड खातं

समजा, ५,००० जण आहेत आणि त्यातला दहावा माणूस आठवड्यातून एकदा काही लिहितो. ५०० तक्रारी. एक वाचून, समजून, योग्य जागी लावायला पाच मिनिटं धरली तर जवळजवळ ४२ तास होतात. एका माणसाचा अख्खा आठवडा, तोही दुरुस्ती सोडून. हा माणूस नसेल तर ५,००० चा बीटा घेऊच नये; ५०० चा घ्या आणि प्रत्येक ओळ वाचा. आमचं हे मत ठाम आहे, कारण न वाचलेल्या तक्रारीचं नुकसान दुहेरी असतं: दोष राहतो आणि लिहिणारा पुन्हा कधी लिहीत नाही.

तक्रार कशी येते ते पाहू. पहिली:

‘ॲप चालत नाही. पैसे डबल गेले. लवकर बघा.’

दुसरी:

‘सकाळी ११.२० च्या सुमारास मंडईत होतो. रेंज एकच काडी. २०० चा भरणा टाकून जतन करा दाबलं. चक्र फिरत राहिलं म्हणून पुन्हा दाबलं. दोन पावत्या निघाल्या, नंबर वेगवेगळे. खात्यावर ४०० दिसतात.’

दोन्ही माणसांना एकच त्रास झाला आहे. पण दुसरीतली प्रत्येक गोष्ट कामाची आहे. वेळेवरून सर्व्हरच्या लॉगमधली नोंद सापडते. कमी रेंज आणि दोनदा दाबणं यावरून कळतं की पहिली विनंती पोचली होती, उत्तर परत आलं नव्हतं. पावत्यांचे नंबर वेगळे, म्हणजे सर्व्हरने दोन्ही नवे भरणे मानले. दुरुस्ती इथून थेट दिसते: पाठवण्याआधी फोननेच प्रत्येक भरण्याला एक अनन्य क्रमांक द्यायचा, तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने नवी नोंद न करता आधीची पावती परत पाठवायची. ऑफिसच्या वायफायवर उत्तर लगेच येतं, म्हणून हा दोष तिथे वर्षभर दिसला नसता.

पहिली तक्रार लिहिणाऱ्याला दोष देऊ नका, फॉर्म सुधारा. माणसाला तीनच गोष्टी विचारा: काय करत होता, काय व्हायला हवं होतं, काय झालं. मराठीतच विचारा, आणि बोलून सांगायची सोय द्या. बाजारात उभा असलेला एजंट टाइप करत बसणार नाही. बिल्ड क्रमांक, फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, नेटवर्क, मोकळी जागा, शेवटच्या पाच-सहा स्क्रीन, हे ॲपनेच जोडावं. पैशांच्या ॲप्समध्ये स्क्रीनशॉट बऱ्याचदा बंद केलेला असतो. मग लोक दुसऱ्या फोनने फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवतात, खाते क्रमांकासकट. त्यापेक्षा बीटा बिल्डमध्ये ‘अडचण कळवा’ असं बटण द्यावं, जे क्रमांक आणि रकमा झाकून स्क्रीनचं चित्र घेईल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार कोणती माहिती कशासाठी घेता हे सांगून संमती घ्यायची असते, आणि ती सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय द्यायचा असतो. ‘बीटा आहे’ ही सबब तिथे चालत नाही.

आता वर्गवारी. क्रॅश झाले तर यंत्रालाच गट पाडू द्या: आपल्या कोडच्या ज्या ओळीवर ॲप कोसळलं ती ओळ समान असेल तर तो एकच दोष. अशा गटांचा उपयोग मोठा आहे. मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी २००२ मध्ये ग्राहकांना लिहिलं होतं, की २० टक्के दोष ८० टक्के चुका घडवतात आणि अवघे १ टक्का दोष निम्म्या चुका. वरचे मोजके गट मिटवले की बराच भार हलका होतो.

पण मोजणी यंत्राला दिसणाऱ्या गोष्टींचीच होते. १८०९ च्या वेळी काहीही कोसळलं नव्हतं. फोल्डर काढण्याचं काम ‘यशस्वीपणे’ पार पडलं होतं. दोन पावत्या निघाल्या तेव्हाही कुठे क्रॅश नाही. म्हणून माणसांनी लिहिलेल्या तक्रारींना संख्येआधी गांभीर्य लावायचं. पैसा चुकला, माहिती पुसली गेली, किंवा एकाची माहिती दुसऱ्याला दिसली, तर एकच तक्रार पुरे: त्याच दिवशी माणसाने माणसाला फोन करायचा आणि उलगडा होईपर्यंत पुढचा टप्पा थांबवायचा. काम अडतं पण दुसरी वाट आहे, असे दोष पुढच्या बिल्डमध्ये. नुसता त्रास आणि सूचना यांनाच मतांची मोजणी लावावी, तिथे ती योग्य आहे. वर्गवारी करणाऱ्याला या ॲपचा धंदा कळायला हवा. ‘व्याज एक रुपया कमी दिसतं’ ही तक्रार नव्या मुलाला किरकोळ वाटेल, शाखाधिकारी दचकेल.

थांबवायचं कधी, मागे यायचं कसं

मर्यादा आधी ठरवा, कागदावर. गूगल प्लेच्या दृष्टीने रोजच्या वापरकर्त्यांपैकी १.०९ टक्क्यांहून जास्त लोकांना डोळ्यांदेखत क्रॅश, किंवा ०.४७ टक्क्यांहून जास्त लोकांना ॲप गोठणं, ही खराब वागणूक आहे आणि दुकानात ॲप खाली ढकललं जाऊ शकतं. बाहेर पडताना हे आकडे चांगला निकष आहेत. लहान बीटात मात्र ते फसवे: २०० माणसांत १.०९ टक्के म्हणजे दोन जण. तिथे टक्के सोडून प्रत्येक क्रॅश एकेक करून पाहा.

मागे येणं वाटतं तितकं सोपं नाही. प्लेवर रोलआउट (टप्प्याने बिल्ड देणं) थांबवलं तरी ज्यांना बिल्ड मिळालं त्यांच्या फोनवर ते राहतं. त्यांना जास्त क्रमांकाचं नवं बिल्डच द्यावं लागतं. अँड्रॉइडवर वापरकर्त्याला जुन्या आवृत्तीवर जायचं तर ॲप काढून पुन्हा टाकावं लागतं, आणि फोनवरची न पाठवलेली माहिती त्यात जाते. एजंटच्या फोनवर नेटवर्कअभावी साठून राहिलेल्या चाळीस पावत्या असतील तर? म्हणून तीन काळज्या घ्या. फोनवरच्या डेटाबेसची रचना बदलणारं बिल्ड इतर कोणत्याही बदलाशिवाय वेगळं द्या. प्रत्येक नवी सोय सर्व्हरवरून बंद करता येईल अशा स्विचमागे ठेवा. आणि शक्य असेल तर बीटा हे वेगळं ॲप करा, वेगळ्या रंगाच्या चिन्हाचं. क्रोम आणि फायरफॉक्सचे बीटा असेच मूळ ब्राउझरशेजारी राहतात आणि अडलं तर माणूस मूळ ॲप उघडून काम उरकतो.

काही गोष्टी बीटातून कळतच नाहीत. तीन हजार स्वयंसेवक दिवसभरात विखरून येतात. १ तारखेला सकाळी दहाला सगळे खातेदार एकदम आले तर सर्व्हर टिकेल का, याला कृत्रिम भार टाकूनच पाहावं लागतं. जुलैतल्या बीटाला ३१ मार्च भेटत नाही, म्हणून वर्षअखेरची व्याज-आकारणी चाचणीसाठीच्या वेगळ्या सर्व्हरचं घड्याळ पुढे करून तपासायची. सुरक्षेसाठी जाणकारांकडून स्वतंत्र तपासणी हवीच. भली माणसं खाती फोडून पाहत नाहीत.

लोक टिकतात ते उत्तरांवर. प्रत्येक तक्रारीला पोच द्या, आणि दोष सुटला की ‘तुम्ही सांगितलेली दोन पावत्यांची अडचण या बिल्डमध्ये काढली आहे, एकदा करून पाहाल का’ असं त्याच माणसाला कळवा. दर बिल्डसोबत चार ओळींत सांगा काय बदललं आणि या वेळी काय तपासून हवं आहे. ‘वापरून बघा’ एवढंच म्हटलं तर सगळे शिल्लक पाहून बाहेर पडतात. बक्षीस द्यायचं तर तक्रारींच्या संख्येवर देऊ नका, एकच गोष्ट दहा वेळा लिहून येते.

बीटा बंद करतानाही काम असतं. शेवटची तारीख दोन आठवडे आधी सांगा, लोकांना नेहमीच्या आवृत्तीवर आणा, आणि आणल्यावर त्यांच्या खात्यावर सगळ्या नोंदी आल्या का ते तपासा. बीटात खरे पैसे फिरले असतील तर त्या प्रत्येक पावतीचा हिशोब शाखेच्या पुस्तकाशी जुळवूनच चाचणीचे लॉग आणि स्क्रीनची चित्रं पुसा. मग ज्यांनी नेमकं लिहिलं त्यांची यादी, संमती घेऊन, पुढच्या वेळेसाठी ठेवा, आणि प्रत्येकाच्या नावापुढे फोनचं मॉडेल व कामाचा प्रकार लिहून ठेवा. पुढच्या बीटाचे रिकामे गट भरायला ही यादी लागते.